पाण्यातल्या जिवांची कैवारी : रेचल कार्सन

आपल्या मंडळाची स्मरणिका काढावयाचे ठरले की चिटणीसबाई माझ्याकडे एका थोर स्त्रीचे चरित्र मागतात, आणि मीही ते आनंदाने लिहून देते. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, आनंदीबाई जोशी अशा आपल्या पूजनीय स्त्रियांवर आजवर यथामती लिहून झाले. यंदा मात्र भगिनींपुढे मी एका अमेरिकन बाईंची हकीकत ठेवणार आहे. ह्या बाईंनी राज्य चालविले नाही, शाळा काढली नाही, की तुरुंगवास भोगला नाही. सरकारी मत्स्यखात्यात नोकरी केली, म्हातारी आई आणि पोरक्या भाच्या सांभाळल्या, आणि हयातीत चार पुस्तके प्रसिद्ध केली. तेवढ्यावर त्यांचे नाव जगभर झाले. जालन्याच्या बायकांना त्यांच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ते ओघाने येईलच.

माझे माहेर परतूर तालुक्यातले, दुधना नदीच्या काठचे. मी लहान असताना, म्हणजे १९६० च्या सुमारास, आमच्या गावी हिवतापाची फवारणी करणारी माणसे येत. खाकी कपडे, हातात पिचकारीचा पंप, आणि बादलीत पांढरे दुधासारखे पाणी. ती आली की आजी धान्याच्या कणग्या झाकी, देवघरावर लुगडे टाकी, आणि आम्हा पोरांना अंगणात हाकली. भिंतींवर पांढरे ओघळ उठत. फवारणी झाल्याची तारीख चौकटीवर लिहून ती माणसे पुढच्या घरी जात. दुसऱ्या दिवशी आजी मेलेल्या पाली, झुरळे आणि ढेकूण सुपाने भरून टाकी व त्या औषधाला दुवा देई. तिचे दोन दीर हिवतापाने गेले होते. तिने दुवा का देऊ नये? त्या औषधाचे नाव डी. डी. टी. कार्सनबाईंचे आयुष्य ह्याच औषधाशी येऊन भिडले.

रेचलचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्वेनिया संस्थानात स्प्रिंगडेल ह्या गावी झाला. गाव अ‍ॅलिगेनी नदीवर, पिट्सबर्ग शहराच्या वरच्या अंगाला. वडील विम्याचे काम करीत. प्राप्ती बेताची, घराभोवती जमीन मात्र बरीच. आई मराया लग्नापूर्वी शिक्षिका होती, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे लग्न होताच तिची नोकरी सुटली. तीन मुलांत रेचल शेंडेफळ. आई तिला हाताशी धरून रानात, ओढ्याकाठी हिंडवी, पाखरांची व किड्यांची नावे सांगे, आणि घरात आलेला किडाही न मारता बाहेर सोडी. अकराव्या वर्षी मुलीची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली. तेव्हा आपण लेखिकाच होणार असे तिने मनाशी घेतले.

ती नदी काही काव्यातली नदी नव्हती. गावात सरस करण्याचा कारखाना होता व त्याचा वास गावभर असे. पुढे काठावर विजेचे कारखाने उभे राहिले. कुंडलिकेच्या पुलावरून नाकाला पदर लावून जाणाऱ्या जालनेकर बाईला स्प्रिंगडेलचे वर्णन निराळे करून सांगावयास नको.

१९२५ साली रेचल पिट्सबर्गच्या मुलींच्या कॉलेजात गेली. फी भरण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या केल्या, सफरचंदे व कोंबड्या विकल्या, घरातली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. विषय इंग्रजी वाङ्मय. परंतु मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापिका जीवशास्त्र शिकवीत, आणि त्यांच्या वर्गात बसल्यावर मुलीचे चित्त पालटले. त्या वेळी शास्त्र म्हणजे पुरुषांची मिरास. हितचिंतकांनी समजावले की लेखन सोडून सूक्ष्मदर्शकामागे लागू नकोस, पोटाला मिळणार नाही. तिने ऐकले नाही. १९२९ मध्ये पदवी घेऊन त्या उन्हाळ्यात ती वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली. समुद्रावर इतके वाचलेल्या ह्या मुलीने समुद्र प्रत्यक्ष पाहिला तो तेव्हा, वयाच्या बाविसाव्या वर्षी! आपल्यातल्या कितीतरी जणींनी तर साठी उलटल्यावर यात्रेच्या निमित्ताने पाहिला. म्हणून मला ह्या गोष्टीचे फार अगत्य वाटते.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तिने १९३२ साली एम. ए. केले. प्रबंधाचा विषय होता मिशाळ माशाच्या भ्रूणातील आद्य मूत्रपिंड. आपल्या गोदावरीतला शिंगाळा ज्या जातकुळीतला, त्यातलाच हा अमेरिकन नद्यांतला मासा. त्याची अंडी, त्याची पिले, त्यांच्या शरीरात एकेक इंद्रिय कसे आकार घेते, हे ती महिनोन्‌महिने पाहत बसली. वाचकांनी हा मासा ध्यानात ठेवावा.

पुढचा अभ्यास पैशाअभावी सुटला. १९३५ मध्ये वडील अकस्मात वारले. सरकारच्या मत्स्यखात्याला आकाशवाणीसाठी माशांविषयी सात-सात मिनिटांची भाषणे लिहून हवी होती. ते काम रेचलने धरले. १९३६ साली परीक्षेत पहिली येऊन ती त्याच खात्यात कायम नोकरीस लागली. शास्त्रज्ञ म्हणून त्या खात्यात घेतलेली ती दुसरी स्त्री. १९३७ मध्ये थोरली बहीण दोन मुली मागे ठेवून वारली, आणि तिशीच्या आत रेचलवर आई व दोन भाच्या यांचा संसार पडला. लग्न तिने केले नाही. दिवसा कचेरी, रात्री लेखन. पहिले पुस्तक १९४१ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात ओढली गेली. युद्धाच्या दिवसांत माशांचे पुस्तक कोण विकत घेतो?

परंतु १९५१ साली आलेल्या समुद्रावरच्या दुसऱ्या पुस्तकाने ती उणीव भरून काढली. सर्वाधिक खपाच्या यादीत ते ८६ आठवडे राहिले. १९५२ साली बाईंनी नोकरी सोडली व मेन संस्थानात समुद्रकाठी लहानसे घर बांधले. तेथे शेजारच्या डोरोथी फ्रीमन ह्या गृहिणीशी त्यांचा जन्मभराचा स्नेह जडला. १९५५ मध्ये किनाऱ्यावरच्या जिवांचे पुस्तक आले. आता थोडी उसंत मिळेल असे वाटते न वाटते तोच १९५७ साली एक भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा बाईंनी दत्तक घेतला. वय पन्नास, घरात जराजर्जर आई आणि अजाण पोर. थोरामोठ्यांच्या चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात. पण ती पुस्तके कोणाची दुखणी काढता काढता लिहिली गेली, हे बायकांच्या स्मरणिकेत तरी सांगावयास हवे.

१९५८ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या एका परिचित बाईंचे पत्र आले. डासांसाठी विमानातून डी. डी. टी. फवारल्यावर त्यांच्या अंगणातली पाखरे तडफडून मेली होती. ह्या औषधाविषयी कार्सनबाईंनी १९४५ सालीच लेख लिहू केला होता. एका बड्या मासिकाने तो नाकारला. ह्या वेळी त्यांनी पुस्तकच लिहावयास घेतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आई गेली.

मत्स्यखात्यात काढलेली वर्षे आता कामास आली. कॅनडात मिरामिची नावाची नदी आहे. तेथे साल्मन मासे समुद्रातून येऊन अंडी घालतात. काठच्या जंगलात कागदाच्या कारखान्यांना लागणारी झाडे, आणि त्या झाडांवर अळी पडलेली. १९५४ च्या जून महिन्यात विमानांनी जंगलावर डी. डी. टी. ओतले. उद्देश अळी मारण्याचा, पण ओढ्यांना छत्र्या कोण धरणार? दोन दिवसांत काठाने मेलेले मासे दिसू लागले. त्या वर्षी जन्मलेली साल्मनची पिले त्या पाण्यात जवळजवळ उरली नाहीत, कारण त्यांचे अन्न असलेले पाण्यातले किडेही मेले होते. शास्त्रज्ञ ह्या नदीतले मासे १९५० पासून मोजीत होते म्हणून हे कळले.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक ह्या सरोवराचे. तेथे चिलटांसाठी डी. डी. टी.चेच भावंड असलेले औषध घातले. १९४९ मध्ये सात कोटी भाग पाण्यात एक भाग, नंतर १९५४ व १९५७ मध्ये पाच कोटीत एक भाग. इतक्याने काय होणार? पण पाण्यातल्या सूक्ष्म जिवांच्या अंगी ते दशलक्ष भागांत ५ भाग झाले, ते खाणाऱ्या माशांत ४० ते ३००, आणि मासे खाणाऱ्या पाणडुबी पक्ष्यांच्या चरबीत १६०० पर्यंत चढले. पाण्यात मात्र काही दिवसांनी ते सापडेनासे झाले. पाणडुब्यांच्या हजार जोड्या होत्या, १९६० च्या सुमारास तीसेक उरल्या. आणि त्याही घरटी बांधीत, पण पिले दिसत नसत.

पाखरे मरत नाहीत, मासे मरत नाहीत, पण वंश पुढे चालत नाही. ही गोष्ट बाईंना विषबाधेहूनही भयंकर वाटली. १९५० साली सिराक्यूज विद्यापीठातल्या दोन संशोधकांना कोंबड्यांत असेच काही आढळले होते. नर पिलांना डी. डी. टी. दिले असता त्यांचे वृषण खुरटले, डोक्यावरचा तुराही वाढला नाही. जणू काय त्यांना स्त्रीत्वाचे औषध पाजले होते. आपल्या शरीरात निरनिराळ्या ग्रंथींतून पाझरणारे रस असतात, त्यांना संप्रेरके अथवा हार्मोन म्हणतात. मुलगी वयात केव्हा यावी, दूध केव्हा उतरावे, माशाने अंडी कोणत्या ऋतूत घालावीत, हे सारे ह्या रसांच्या थेंबभर निरोपावर चालते. काही रसायने ह्या निरोप्याचे सोंग घेतात, तर काही खऱ्या निरोप्याची वाट अडवितात. कार्सनबाईंनी स्त्रीसंप्रेरकांच्या बिघाडाविषयी आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. मात्र ह्या दालनाच्या उंबरठ्यापर्यंतच त्यांना जाता आले.

कारण १९६० साली त्यांच्या स्तनाला गाठ आली. एप्रिलमध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, परंतु डॉक्टरांनी तसे त्यांना सांगितले नाही. डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर खरे कळले. तोवर रोग पसरला होता. जी स्त्री जगाला पाण्यात काय मिसळले आहे ते सांगत होती, तिच्याच देहात काय चालले आहे हे तिच्यापासून लपविले गेले.

येथे मला थांबावे लागते. माझ्या धाकट्या जावेला काही वर्षांपूर्वी हेच दुखणे झाले. डॉक्टरांनी पुरुषमंडळींना बाहेर बोलावून सांगितले, त्यांनी मला सांगितले, आणि आम्ही सर्वांनी मिळून तिला सांगितले की गाठ साधी होती, काढली, आता काळजी नाही. तिने मला दोनदा विचारले. एकदा पोळ्या लाटताना, एकदा संभाजीनगरहून परत येताना बसमध्ये. दोन्ही वेळा मी तिच्या डोळ्यांकडे न पाहता खोटे बोलले. पुढे तिने कपाटातले कागद काढून पुतण्याकडून वाचवून घेतले, आणि मग मला विचारणेच सोडून दिले. ती गेली तेव्हा आमच्या दोघींत तेवढे अंतर राहून गेले. नंतर नातीने आणलेल्या पुस्तकात मी कार्सनबाईंचे चरित्र वाचले, आणि हे पान आल्यावर पुस्तक मिटून बसले. माझ्या जावेचा रोग कोणत्या औषधाने झाला असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. कार्सनबाईंच्या रोगाविषयीही तसे म्हणता येत नाही.

बाईंनी आपले दुखणे गुप्त ठेवले. लोक म्हणतील की हिने रागापोटी लिहिले. विटलेल्या, क्ष-किरणांनी भाजलेल्या देहाने त्यांनी पुस्तक पुरे केले. २७ सप्टेंबर १९६२ रोजी 'सायलेंट स्प्रिंग' प्रसिद्ध झाले. पाखरांचा आवाज नसलेला वसंत, असा त्याचा अर्थ. औषधांचे कारखानदार खवळले. एका कंपनीने फिर्यादीची धमकी दिली. लग्न न झालेल्या बाईला पुढच्या पिढ्यांची एवढी काळजी कशाला, अशी कुचेष्टाही झाली. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या शास्त्रज्ञ समितीने बाईंच्या म्हणण्याला पुष्टी दिली, आणि ४ जूनला त्या कायदेमंडळाच्या समितीपुढे साक्षीस गेल्या. केस गळाल्यामुळे त्यांनी टोप घातला होता. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. अस्थींचा काही भाग आईशेजारी पुरला, आणि काही डोरोथीने मेनच्या समुद्रात सोडला.

डी. डी. टी. वर अमेरिकेत १९७२ साली बंदी आली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला, हिवतापासाठी तो पुढेही चालू राहिला. ह्या बाईमुळे गरीब देशांत माणसे हिवतापाने मेली, असा आरोप काहीजण करतात. माझ्या आजीची आठवण सांगून मी त्याचा विचार करते. स्वातंत्र्याच्या वेळी हिंदुस्थानात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत. फवारणीने १९६५ च्या सुमारास रोगी लाखावर आले. हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण १९७६ मध्ये रोगी पुन्हा ६४ लाखांवर गेले, आणि तेव्हा औषधावर बंदी नव्हती. डास औषधाला सरावले, हे त्याचे एक मोठे कारण. कीटक असे सरावतात हे बाईंनी चौदा वर्षे आधी लिहिले होते. औषध मुळीच वापरू नका असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. आमच्या कापसावरच्या बोंडअळीची कथाही याहून वेगळी नाही, पण तो विषय काढला तर घरातली पुरुषमंडळी स्मरणिका हातातून ठेवतील.

बाईंनी अर्धवट सोडलेला धागा पुढे इतरांनी उचलला. इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रांखालच्या नद्यांत रोच नावाच्या माशांचे नर सापडले, ज्यांच्या वृषणात अंडी वाढत होती. शोध घेता घेता असे दिसले की स्त्रियांच्या मूत्रावाटे जाणारी नैसर्गिक संप्रेरके, संततिनियमनाच्या गोळ्यांतले संप्रेरक, धुण्याच्या व कारखान्यातल्या साबणद्रव्यांचे अवशेष, हे शुद्धीकरणातूनही थोडे सुटून नदीत जातात. १९९१ साली अमेरिकेत शास्त्रज्ञांची बैठक झाली, तिच्यात ह्या सर्व द्रव्यांना संप्रेरकांत बिघाड करणारी रसायने असे एक नाव मिळाले. कॅनडात तर एका प्रायोगिक तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गोळीतले संप्रेरक लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील असे सोडले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटींवा भाग. नर माशांच्या अंगात अंड्यातल्या बलकाचे द्रव्य तयार होऊ लागले, आणि लहान मिनो मासे तळ्यातून जवळजवळ नाहीसे झाले. एकही मासा विषाने तडफडून मेला नव्हता. सोडणे थांबविल्यावर काही वर्षांनी ते मासे पुन्हा वाढले, हेही सांगितले पाहिजे.

आणि आता तो मिशाळ मासा. २००६ साली पिट्सबर्गमध्ये अ‍ॅलिगेनी नदीवरच्या एका पुलाला रेचल कार्सन यांचे नाव देण्यात आले. पुढच्याच वर्षी पिट्सबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी त्या भागातल्या नद्यांत, गटारे जेथे उतू जातात तेथले, मासे तपासले. त्यांच्या मांसाचा अर्क प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगपेशींवर घातला असता काही अर्कांनी त्या पेशी वाढू लागल्या, म्हणजे माशांच्या अंगात स्त्रीसंप्रेरकासारखे द्रव्य होते. त्या माशांत ज्याच्या भ्रूणावर बाईंनी प्रबंध लिहिला तोच मिशाळ मासा होता.

आमचे शेत कुंडलिकेला मिळणाऱ्या एका ओढ्याला लागून आहे. कपाशीवर फवारणी झाली की गडी पंप ओढ्यात विसळी, रिकामे डबे तेथेच पडत, आणि फवारणीचे कपडे घरातली बाई त्याच पाण्यावर नेई. ओढा कुंडलिकेत, कुंडलिका दुधनेत, दुधना पूर्णेत आणि पूर्णा गोदावरीत. म्हणजे माझ्या सासरचे पाणी माझ्या माहेरावरूनच पुढे जाते, हे मला ह्या वयात नकाशा पाहून उमगले! दुधनेच्या काठी बाजारच्या दिवशी भोयांच्या बायका मरळ आणि झिंगे घेऊन बसत. गेल्या खरिपात मी मुलाला म्हटले की पंप शेतातच, पाण्यापासून दूर, पिपातल्या पाण्याने धुवावा आणि ते पाणी पिकावरच फवारून टाकावे. सगळा गाव ओढ्यात धुतो, आपल्या एका पंपाने काय होणार, असे तो म्हणाला. मी त्याला सात कोटीत एक भाग ह्याचा हिशेब सांगितला. तो हसला, पण पीप आणले. शेजारच्या बांधावरचे पंप अजून ओढ्यातच विसळले जातात; त्या घरची सून आपल्या मंडळाची सभासद आहे, आणि हा लेख छापून आल्यावर ती माझ्याशी बोलेल की नाही हे मला कळत नाही.